वाचकांचे प्रश्न : सीमेच्या वादातून वसलेले एल चाल्तेन

प्रश्न : मुलाने आणलेल्या एका जाकिटाच्या बोधचिन्हावरील डोंगर म्हणजे अर्जेंटिनातील फिट्झ रॉय शिखर होय, असे समजले. त्याच्या पायथ्याचे एल चाल्तेन हे गाव जेमतेम चाळीस वर्षांपूर्वीचे आहे, असेही वाचनात आले. इतक्या थंड आणि दूरच्या जागी मुद्दाम गाव का वसवले? गिर्यारोहकांच्या सोयीसाठी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गिर्यारोहकांची सोय पुढे झाली, गाव वसले ते सीमेच्या वादामुळे. अर्जेंटिना आणि चिली यांच्यातील 1881 च्या करारात, अँडीजमधील पाणी विभागणाऱ्या सर्वांत उंच शिखरांवरून सीमा जावी, असे ठरले होते. कागदावर हे सोपे होते. पण पातागोनियात, म्हणजे या दोन देशांच्या दक्षिण भागात, उंच शिखरे एकीकडे आणि पाणी विभागणारी रेषा दुसरीकडे, असे अनेक ठिकाणी आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावरून कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला उतरते, हे साताऱ्याच्या वाचकाला सांगायला नको. तसा उलगडा अँडीजच्या त्या बर्फाळ भागात सहजासहजी होत नव्हता.

तंट्याचे मुख्य ठिकाण होते एल चाल्तेनच्या उत्तरेला सुमारे 37 किलोमीटरवर असलेले देसिएर्तो सरोवर. नोव्हेंबर 1965 मध्ये तेथे दोन्ही देशांच्या सीमारक्षकांत चकमक झाली आणि चिलीचे पोलीस अधिकारी एर्नान मेरिनो मारले गेले. त्यानंतरही वाद धुमसतच राहिला. नुसत्या नकाशावर हक्क सांगण्यापेक्षा त्या भागात नांदती वस्ती असावी, या हेतूने 12 ऑक्टोबर 1985 रोजी अर्जेंटिनाच्या सांता क्रूझ प्रांताने हे गाव वसवले. त्यापूर्वी या खोऱ्यात मेंढपाळांचे तुरळक वाडे तेवढे होते. आंद्रेआस मादसेन या डॅनिश माणसाचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे घर नदीपलीकडे अजून जतन केलेले आहे.

गंमत अशी की, 1994 साली लवादाने सरोवराचा निकाल अर्जेंटिनाच्या बाजूने दिला, तेव्हा वस्तीचा प्रश्न महत्त्वाचा ठरला नाही. पाणी कोणीकडे वाहते, हे पाहिले गेले. या सरोवराचे पाणी वुएल्तास नदीतून विएद्मा सरोवरात आणि तेथून लिओना, आर्जेंतिनो सरोवर व सांता क्रूझ नदी या मार्गाने अटलांटिकला, म्हणजे अर्जेंटिनाच्या बाजूच्या महासागराला, मिळते. म्हणजे ज्या कामासाठी गाव वसवले, ते काम अखेरीस नदीनेच केले, असे आम्हांला वाटते. गावाला मात्र पोटापाण्याचा नवा मार्ग सापडला होता. 2010 च्या जनगणनेत तेथे 1,627 माणसे होती आणि आज बहुतेकांचा चरितार्थ पदभ्रमणाला येणाऱ्या पाहुण्यांवर चालतो. फिट्झ रॉयच्या दक्षिणेकडील हिमक्षेत्रातील सीमेचा एक तुकडा अजूनही आखलेला नाही, हे जाता जाता नमूद करतो.

प्रश्न : ‘चाल्तेन’ म्हणजे धुमसणारा डोंगर. मग फिट्झ रॉय हा ज्वालामुखी आहे का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही, तो ग्रॅनाइटचा सुळका आहे. तेथील मूळ रहिवासी असलेल्या तेहुएल्चे लोकांनी हे नाव दिले ते शिखराला सतत लगटलेल्या ढगामुळे. वाऱ्याने ओढला गेलेला तो ढग दुरून धुरासारखाच दिसतो. 1877 साली अर्जेंटिनाचे संशोधक-प्रवासी फ्रान्सिस्को मोरेनो यांनी 3,405 मीटर उंचीच्या या शिखराला ‘बीगल’ जहाजाचे कप्तान फिट्झ रॉय यांचे नाव दिले. कप्तान 1834 साली सांता क्रूझ नदीतून वर आले होते, पण सरोवरांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच परतले. जुनेच नाव राहिले असते तर अधिक बरे झाले असते. निदान गावाने ते राखले.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तेथे जावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जाऊ नये. दक्षिण गोलार्धात मे महिना म्हणजे हिवाळ्याचे तोंड. दिवस लहान होत जातात, पायवाटांवर बर्फ धरू लागतो आणि बरीच उपाहारगृहे व निवासस्थाने बंद असतात. डिसेंबर-जानेवारीत सुमारे 16 तास उजेड असतो, म्हणून नाताळच्या रजेला आणखी थोडी रजा जोडणे श्रेयस्कर. विमानतळ एल कालाफाते येथे आहे. तेथून बसने सुमारे 215 किलोमीटर, तीनेक तासांचा ओसाड माळरानातील रस्ता. गावातून निघणाऱ्या वाटांपैकी लागुना दे लोस त्रेस या तळ्याची वाट एका बाजूने सुमारे 10 किलोमीटर आहे. ती बरीचशी सोपी असली, तरी शेवटच्या एका किलोमीटरात सुमारे 400 मीटर चढ आहे. लहान मुलांसह त्या चढाच्या पायथ्याशी थांबण्यात कमीपणा मानू नये.

थंडीपेक्षा वाऱ्याची धास्ती बाळगावी, कारण उन्हाळ्यातच तो अधिक जोरात वाहतो. मोटारीचे दार उघडताना ते हाताने घट्ट धरून ठेवावे लागते, नाहीतर वारा ते बिजागरीतून मुरगाळतो. छत्री घरीच ठेवावी. जानेवारीच्या पुढे गेल्यास वाटेकडेच्या काटेरी झुडपांवर कालाफातेची निळीकाळी फळे मिळतील. ती आपल्या करवंदांसारखी जिभेला रंग आणतात. काटेही तसेच असल्यामुळे मुलांना हातमोजे काढू देऊ नयेत.