गोठ्यातले प्रश्न : पत्र्याआधी पाणी, यंत्राआधी खोडा

प्रश्न : आमच्याकडं चार संकरित एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायी, एक मुऱ्हा म्हैस आणि एक कालवड आहे. रोज चाळीसेक लिटर दूध डेअरीला जातं. मालक साखर कारखान्यात नोकरीला, त्यामुळं शेण, वैरण, धारा सगळं मी आणि सासूबाई बघतो. कौलारू गोठा सासऱ्यांच्या काळातला, दगडी गव्हाण छातीएवढी उंच, खाली गुळगुळीत कोबा. कालवडीला इंजेक्शन द्यायचं तरी शेजारची चार माणसं बोलवावी लागतात. गेल्या खेपेला तिनं सासूबाईंना भिंतीशी दाबलं. बँक तीन लाख द्यायला तयार आहे. मालक म्हणतात, उंच पत्र्याचं शेड, फॉगर (धुक्यासारखा पाण्याचा फवारा) आणि दूध काढायचं यंत्र घेऊ. पैसे आधी कशात घालू? अनुदान मिळतं का?
– एक भगिनी, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला पाणी कुठंच सापडलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वाळव्यात काय आणि कोरेगावात काय, दावणीच्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळ बादली दाखवायची आणि 'पोटभर पाजलं' म्हणायचं, ही रीतच आहे. दुधात 87 टक्के पाणी असतं. दहा-बारा लिटरची गाय उन्हाळ्यात साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, पण ती दिवसभर थोडं थोडं, वैरण खाऊन झाल्यावर, धार झाल्यावर. रात्रीही तिला पाणी लागतं. तुम्ही आणि सासूबाई मिळून तेवढ्या बादल्या उचलू शकणार नाही, आणि उचलूही नका. पहिला पैसा सावलीतल्या हौदात घाला. कड दोन-सव्वादोन फूट उंच, टाकीवरून पाइप, त्याला फ्लोट (हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा), तळाला धुण्यासाठी मोठं भोक आणि बोळा. आतून पंधरा दिवसांनी चुना मारा, शेवाळ धरत नाही. हा खर्च तीन लाखांतला किरकोळ आहे आणि दूध यानंच आधी वाढतं.

पाणी चोवीस तास ठेवायचं तर जनावर मोकळं हवं. म्हणून शेड बांधण्याऐवजी मुक्त संचार गोठा करा, म्हणजे जनावरं दावणीला न बांधता कुंपणात मोकळी. गायीला छताखाली साधारण 40 चौरस फूट आणि उघड्यावर 80 चौरस फूट लागतात, म्हशीला थोडे जास्त. तुमच्या सहा जनावरांना सगळं मिळून पाऊण गुंठ्याच्या आत भागतं. कौलारू गोठा राहू द्या, कौलाखाली उन्हाळ्यात पत्र्यापेक्षा गारवा असतो. पुढची भिंत काढा, अंगणाला पाइपचं कुंपण घाला, खाली मुरूम दाबा. म्हैस शिंगांची असेल तर पहिले काही दिवस मधे आडवं लावून तिला वेगळं ठेवा, नाहीतर ती हौदावर कुणाला येऊ देणार नाही. फॉगरचा विचार सोडून द्या. कृष्णाकाठच्या दमट हवेत, खाली शेण ओलं असताना, वरून बारीक फवारा सोडला तर कासदाहाला (कासेच्या सुजेला) आमंत्रण.

गव्हाण. छातीएवढी उंच आहे म्हणता, ती फोडा. गाय चरताना मान खाली घालून खाते, तशीच तिला गोठ्यात खाऊ द्यायची. मान खाली असली की लाळ जास्त सुटते, त्या लाळेत सोडा असतो आणि पेंडीनं पोटात होणारा आंबटपणा तोच मारतो. गव्हाणीचा तळ गाय उभी राहते त्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच वर, गायीकडची कड 18 ते 20 इंच, बस्स. कोपरे गोल करा. आज संध्याकाळी तुमच्या गव्हाणीच्या कोपऱ्यात बोट घालून वास घ्या, परवाचं आंबवण तिथं आंबलेलं सापडेल. साधं सिमेंट या आंबटानं वर्षा-दोन वर्षांत झिजून खरखरीत होतं, म्हणून तळाला गुळगुळीत फरशी बसवा. दर जनावराला दोन-अडीच फूट जागा ठेवा.

गव्हाणीत काय पडतं तेही सांगतो, कारण ऊसतोडीच्या हंगामात तुमच्याकडं वाढ्यांशिवाय (उसाच्या हिरव्या शेंड्यांशिवाय) दुसरी वैरण दिसत नाही. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. गाय व्यायली की दुसऱ्या दिवशी बसली आणि उठेना, याचं मूळ पुष्कळदा तिथं असतं. वाढ्यांची कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा, रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या, आणि हिरव्यात मका किंवा फुले जयवंत हे संकरित नेपियर गवत, जोडीला थोडा लसूणघास ठेवा. कुट्टी यंत्र दोन एचपीचं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं पुरे. घेताना पेंढी आत ओढणाऱ्या तोंडावर पत्र्याची लांब घसरगुंडी आहे का, ते बघा. आखूड असेल तर दुकानदाराला परत करा. यंत्र चालू असताना पदर खोचलेला, हातात बांगड्या कमी. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही. ज्यांनी बोटं गमावली ते सगळे 'रोजचंच काम होतं' म्हणतात.

आता सासूबाई आणि कालवड. तुमच्या गोठ्यात सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त टाळलेली गोष्ट म्हणजे खोडा, जनावर उभं अडकवून धरायची चौकट. दोन इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा करून घ्या. आतली रुंदी अडीच फूट, लांबी साडेपाच ते सहा, खांब दोन फूट जमिनीत काँक्रीटमध्ये. पुढं मानेसाठी दोन उभ्या पाइप, त्यातली एक सरकणारी. मागं आडवी दांडी. वेल्डरला एक गोष्ट ठासून सांगा : एका बाजूच्या आडव्या पाइप काढता आल्या पाहिजेत. खोड्यात गाय बसली आणि बाजू उघडत नसली, तर पुढचा तास डोळ्यांसमोर मरण दिसतं.

आणि खोडा बांधायचा कुठं? बहुतेक लोक शेणखड्ड्याजवळ, नजरेआड बांधतात. मग वर्षातून दोनदा लाळ्या खुरकूत लसीला, एकदा लम्पीच्या लसीला, गाभण तपासायला जनावर तिथं ओढत नेतात आणि ते लांबूनच पाय रोवतं. त्याला आठवतं सगळं. तुमचा खोडा अंगणातून धारेच्या जागेकडं जाणाऱ्या वाटेवर घाला. रोज संध्याकाळी जनावरांनी त्यातून जावं, अधूनमधून पुढं घमेल्यात मूठभर पेंड असावी, मान अडकावी, सुटावी. महिनाभरात कालवड आपण होऊन आत जाईल. हाकताना तिच्या खांद्याच्या थोडं मागं उभ्या राहा, ती पुढं सरते. खांद्याच्या पुढं गेलात की ती मागं वळते. शेपूट पिरगाळणं, काठी, आरडाओरडा बंद. वाटेत चकचकीत गटाराची जाळी किंवा उन्हाची पट्टी असेल तर ती थबकते, तिला हट्टी म्हणू नका, वर पोतं टाका.

कोबा फोडायची गरज नाही. त्यावर शंकरपाळ्यासारख्या खाचा मारून घ्या, आणि दहा फुटांना अडीच इंच उतार आहे का, ते पाणी ओतून बघा.

दूध काढायच्या यंत्राचं म्हणाल तर मालकांना सांगा, तुमची बोटं दुखायला लागली तर पुढच्या वर्षी नक्की. पण ते यंत्र रोज दोनदा गरम पाण्यानं धुणार कोण, हे आधी घरात ठरवा.

अनुदानाबद्दल : शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून रोजगार हमीच्या माध्यमातून 2 ते 6 जनावरांच्या गोठ्याला 77,188 रुपये, असा शासन निर्णय 2021 मध्ये निघाला. आजची रक्कम आणि अटी ग्रामपंचायतीतल्या रोजगार सेवकाकडं विचारा. जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ले नसतील तर आधी ते मारून घ्या. आणि काम मंजूर झाल्याशिवाय खोदाई सुरू करू नका.

प्रश्न : तीन जनावरांसाठी मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) परवडतो का? – एक वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : परवडतो, पण मोठ्या पिशवीच्या नादी लागू नका. तीन जनावरांना दिवसाला प्रत्येकी 15 किलो दिलं, तर 45 किलो लागतं. टनाची पिशवी उघडल्यावर तीन आठवडे पुरते, आणि माणदेशातल्या उन्हात तोवर वरचा थर काळा पडतो. छोट्या पिशव्या भरा. मका दाणा चिकात असताना कापा, कुट्टी मुठीत दाबून बघा : पाणी गळलं तर एक दिवस सुकवा, गोळा लगेच भुगा झाला तर उशीर झालाय. पायानं तुडवून हवा काढा, तोंड घट्ट बांधा, 45 दिवस हात लावू नका. पिशव्यांवर उंदीर येतात, आठवड्यातून एकदा फिरवून बघा आणि छिद्र दिसलं की त्याच दिवशी चिकटपट्टी लावा.