बी.एड. नसताना इंग्लंडमध्ये शिक्षिका व्हायचं असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही नाशिकच्या. एम.एस्सी. फिजिक्स. एक वर्ष ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर आणि चार वर्षं क्लासमध्ये शिकवलंय, बी.एड. केलेलं नाही. मिस्टरांना बर्मिंगहॅमला नोकरी लागली आहे, सहा महिन्यांत निघायचंय. तिथे शाळेतच शिकवायची इच्छा आहे. आधी दोन वर्षं मागे थांबून बी.एड. करू, की सोबत जाऊन तिकडेच मार्ग शोधू, असं तुम्ही विचारलंय.

सोबत जा. माझं मत अगदी स्पष्ट आहे.

मी २०१६ मध्ये लेस्टरला आले तेव्हा माझ्याकडेही बी.एस्सी. आणि क्लासचा अनुभव, एवढंच होतं. २०२२ मध्ये मला शिक्षक म्हणून अधिकृत दर्जा मिळाला. त्यासाठी मी इंग्लंडमधल्या कुठल्याही कॉलेजात एक दिवसही बसले नाही. पण सहा वर्षं लागली. त्यातली किमान दोन माझ्या अज्ञानामुळे गेली. तुमची ती वाचावीत म्हणून सविस्तर लिहितेय.

इथल्या दर्जाला 'क्वालिफाइड टीचर स्टेटस' म्हणतात, बोलताना सगळे क्यूटीएस म्हणतात. सरकारी अनुदानावर, स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीत चालणाऱ्या शाळांना तो लागतो. अकादमी प्रकारच्या (सरकारी अनुदानाच्या, पण कौन्सिलपासून स्वतंत्र) आणि खाजगी शाळांना त्याशिवाय शिक्षक नेमायची मुभा राहिली आहे. अकादमींची ही मुभा काढून घेण्याचा प्रस्ताव असलेलं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलं गेलं. म्हणून 'क्यूटीएसशिवायही चालतं' असं कुणी सांगितलं तर त्यावर आयुष्य बेतू नका. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये जनरल टीचिंग कौन्सिलची वेगळी नोंदणी असते.

आता बी.एड.बद्दल. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो. आपल्याकडच्या लोकांसाठी तो गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरता, ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्यासाठी आहे. अर्जाला फी नाही. तुमचं बी.एड. झालेलं असतं तर मी म्हटलं असतं, आजच अर्ज भरा. पण २०१५ पासून आपल्याकडे बी.एड. दोन वर्षांचं आहे, त्याआधी सीईटी, आणि पदवीबरोबर तुम्ही शिक्षक म्हणून मान्यताप्राप्त आहात असं संबंधित अधिकाऱ्यांचं पत्रही लागतं. माझ्या एका मैत्रिणीचे महिने त्या एका पत्रासाठी शिक्षण खात्याच्या खेपा घालण्यात गेले. दोन वर्षं नवरा एकीकडे आणि तुम्ही एकीकडे राहून एवढं करण्यापेक्षा तीच दोन वर्षं इथल्या वर्गात घालवलेली बरी.

इथे येऊन एक वर्षाचं प्रशिक्षण घ्यायचा सरळ रस्ताही आहे. पण नव्याने आलेल्या डिपेंडंटला, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला, विद्यापीठाची फी परदेशी विद्यार्थ्याच्या दराने पडते आणि सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. पगार घेत शिकायची शिक्षक-अप्रेंटिसशिप आहे, तिला आधी तीन वर्षं इथे वास्तव्य असावं लागतं. म्हणून आपल्यासारख्यांना जो रस्ता खरा उपयोगी पडतो तो 'असेसमेंट ओन्ली'. नावातच सगळं आहे: प्रशिक्षण नाही, फक्त मूल्यमापन. तुम्ही आधीच शिक्षकासारखं शिकवताय हे तुम्ही दाखवायचं आणि मान्यताप्राप्त संस्थेने ते तपासायचं. तपासणीचा काळ जास्तीत जास्त बारा आठवडे. फी संस्थेगणिक वेगळी, पण काही हजार पाउंड बाजूला ठेवूनच चाला. काही शाळा ती स्वतः भरतात.

अटी पदवीची, दहावीच्या दर्जाच्या इंग्रजी-गणिताची, किमान दोन शाळांमध्ये शिकवल्याची आणि अर्जाच्या वेळी शाळेत नोकरीत असण्याची. बहुतेक संस्था पूर्ण वर्ग स्वतः आखून शिकवल्याची साधारण दोन वर्षं मागतात. सहायक म्हणून मुलांशेजारी बसल्याची वर्षं यात धरली जात नाहीत, क्लासमधली तर नाहीतच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा प्रवास असा झाला: आधी टीचिंग असिस्टंट, मग कव्हर सुपरवायझर, म्हणजे शिक्षक रजेवर असताना त्यांनी ठेवलेलं काम वर्गाकडून करून घेणारी, मग क्यूटीएस नसलेली सायन्स टीचर, आणि शेवटी मूल्यमापन. टीएच्या नोकरीला कमी लेखू नका. पगार थोडा असतो, तोही वर्षातल्या साधारण ३९ शालेय आठवड्यांचाच, बारा महिन्यांत विभागून. पण इथली शाळा आतून कशी चालते हे मला त्याच नोकरीने शिकवलं. घंटा झाली की मुलं दाराबाहेर रांगेत उभी, शिक्षिका दारात. प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणाला वाचायला त्रास होतो, कुणाच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, कुणासाठी गरिबीमुळे शाळेला सरकारकडून जादा निधी मिळतो, हे बसण्याच्या नकाशावरच लिहिलेलं. मुलं तुम्हाला 'मिस' म्हणतील, 'मॅडम' नाही. आणि गोंधळ झाला तर आवाज चढवून भागत नाही. ताकीद, मग नावाची नोंद, मग डिटेन्शन, ही पायरी-पायरीची पद्धत शाळेची असते आणि ती तुम्ही शांतपणे पाळायची असते. आपण नाशिकात एका नजरेने वर्ग गप्प करतो. ती नजर इथे पहिले सहा महिने चालत नाही, मग हळूहळू तीही चालायला लागते.

सगळ्यात मोठा धडा मात्र मूल्यमापनाच्या थोडं आधी मिळाला. आठवीच्या वयाची मुलं, विषय सिरीज सर्किट. मी मनापासून शिकवलं, फळ्यावर सुंदर आकृती काढली, शेवटी विचारलं, "समजलं का?" सगळे म्हणाले, "येस मिस." मागे बसलेल्या मार्गदर्शक बाई तास संपल्यावर म्हणाल्या, "खिडकीपाशी तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलाला करंट म्हणजे काय वाटतं?" मला सांगता येईना. पाच वर्षं क्लास घेतले, शेकडो मुलं पास केली, आणि मला एका मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या तासाला प्रत्येकाच्या हातात वहीएवढा पांढरा फळा आणि मार्कर दिला. एक सेल, एका ओळीत दोन दिवे. करंट कुठे जास्त: पहिल्या दिव्याआधी, दोन्हींच्या मध्ये, की दुसऱ्यानंतर? "तीन, दोन, एक, वर करा." अठ्ठावीस फळे वर आले आणि त्यातल्या अकरांवर 'पहिल्याआधी' लिहिलेलं. खिडकीपाशच्या मुलाने लिहिलं होतं की पहिला दिवा थोडा करंट खाऊन टाकतो. आपल्याकडेही मुलं हेच समजतात, फक्त परीक्षेत योग्य वाक्य लिहून मार्क घेतात. मी समजावणं थांबवलं आणि अँमीटर तिन्ही ठिकाणी जोडून बघायला लावलं. तिन्हीकडे ०.२ अँपिअर. त्या मुलाने तारा सोडून पुन्हा जोडल्या, मीटर बदलून मागितला, परत ०.२. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मग खातो काय तो?" ऊर्जेचा पुढचा धडा त्याच प्रश्नापासून सुरू केला.

या एका तासाचे कागद माझ्या फाइलमधले सगळ्यात भक्कम पुरावे ठरले: त्या अकरा फळ्यांचा फोटो, पाठाच्या आराखड्यावर लाल पेनाने केलेला बदल आणि पुढच्या आठवड्यातल्या छोट्या चाचणीचा निकाल. इंग्लंडमध्ये २०१२ पासून लागू असलेली आठ 'टीचर्स स्टँडर्ड्‌स' आहेत: अपेक्षा, प्रगती, विषयज्ञान, आखणी, मुलांनुसार बदल, मूल्यमापन, वर्तन आणि इतर व्यावसायिक जबाबदाऱ्या. प्रत्येकासाठी तुमच्याकडे कागद हवा. चांगलं शिकवते म्हणून भागत नाही. म्हणून माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हा: ज्या दिवशी पहिला पूर्ण वर्ग हातात येईल, त्या दिवसापासून फाइल सुरू करा. आराखडे, बदल, वह्यांच्या प्रती मुलांची नावं झाकून, कुणी तुमचा तास पाहिला तर त्यांचे शेरे. मी ते अडीच वर्षांनी सुरू केलं आणि आधीचं सगळं हवेत गेलं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे शिकवत नाहीत. टीए असताना मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मिस, कुणाला सांगणार नाही ना?" आपला सहज होकार जातो. इथे तो द्यायचा नाही. "तुला सुरक्षित ठेवायला मला कदाचित सांगावं लागेल," एवढंच म्हणायचं, ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, तिच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि त्याच दिवशी शाळेच्या सुरक्षितता-प्रमुखांकडे द्यायचं. 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' ही सरकारी मार्गदर्शिका मुलाखतीच्या आधी वाचून जा. तुम्हाला त्यावर प्रश्न येणारच.

माझी दोन वर्षं कुठे गेली तेही सांगते. पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता की वर्षभरात क्यूटीएससाठी पुढे करू. मी विश्वासाने थांबले. वर्ष गेलं, ते बदलून गेले, नव्यांना काहीच माहीत नव्हतं. दरम्यान एका ऑनलाइन संस्थेचा 'टीचर ट्रेनिंग डिप्लोमा' मी पैसे भरून केला, त्याचा क्यूटीएसशी काडीचा संबंध नव्हता. तुम्ही असं करू नका. शाळेचं आश्वासन ईमेलवर घ्या, आणि कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: याच्या शेवटी क्यूटीएस मिळतो का? उत्तर हो किंवा नाही असंच हवं.

निघण्याआधी नाशिकात करायची कामं. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स काढून ठेवा. शाळा इथली डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची, तपासणी करतातच, शिवाय आधी राहिलेल्या देशाचा दाखला मागतात. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या: कोणते विषय, कोणत्या इयत्ता, आठवड्याला किती तास, कुठून कुठपर्यंत. प्राचार्यांचा कॉलेजचा ईमेल त्यात असू द्या, इथल्या शाळा रेफरन्स थेट मागवतात. दहावीपासूनच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका हातातल्या बॅगेत ठेवा. पदवीची तुलना यूके एनिक या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावी लागते. तुम्ही मराठी माध्यमाच्या असाल तर दहावीचं इंग्रजी संस्था मान्य करेलच असं नाही. माझं केलं नाही. मग जीसीएसईच्या (इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेच्या) तोडीची समकक्षता परीक्षा द्यावी लागली, तीन आठवड्यांच्या तयारीत झाली, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

व्हिसाचं तुमचं बरं आहे. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या डिपेंडंटला पूर्णवेळ नोकरी करता येते. तुमच्यासारख्याच परिस्थितीतली, पण नवरा शिकायला येणारी कुणी वाचत असेल तर लक्षात घ्या: जानेवारी २०२४ पासून संशोधनाचं नसलेलं, वर्गात शिकवलं जाणारं मास्टर्स करणाऱ्यांना जोडीदार आणता येत नाही. आणि एकटीने टीएच्या नोकरीवर व्हिसा मिळेल ही आशा धरू नका, जुलै २०२५ पासून नवे प्रायोजित व्हिसा मुख्यतः पदवीच्या पातळीवरच्या कामांनाच आहेत.

पैशाचा अंदाज हवा म्हणून: २०२४-२५ मध्ये लंडनबाहेर क्यूटीएस नसलेल्या शिक्षकाचं वेतन वर्षाला पावणेबावीस हजार पाउंडांच्या आसपास सुरू होत होतं, आणि क्यूटीएस असलेल्याचं ३१,६५० पाउंडांपासून. म्हणजे जितकी वर्षं दर्जाविना घालवाल तितकं दर वर्षी जवळपास दहा हजारांचं अंतर. दर्जा मिळाल्यावर २०२१ पासून दोन वर्षांची उमेदवारी असते, आधीचा अनुभव दाखवून ती कमी करून घेता येते.

आणि तुमचा विषय फिजिक्स आहे, याची किंमत ओळखा. २०२३-२४ मध्ये इंग्लंडने फिजिक्सचे जितके नवे प्रशिक्षणार्थी घ्यायचं ठरवलं होतं त्यातले फक्त १७ टक्के मिळाले. कित्येक शाळांत बायोलॉजीवाले फिजिक्स शिकवतात. मुलाखतीत लाजत "अनुभव कमी आहे" म्हणू नका, "मी जीसीएसईपर्यंत फिजिक्स शिकवू शकते" असं म्हणा.

बर्मिंगहॅमला पोचलात की पहिल्या पंधरवड्यात घराजवळच्या तीन माध्यमिक शाळांना ईमेल करा आणि एकच दिवस सायन्सचे तास मागे बसून बघू द्या अशी विनंती करा. दोघे उत्तर देणार नाहीत, एखादी शाळा देईल. जाताना वही न्या आणि शिक्षक काय बोलतात ते लिहू नका. मुलं काय चुकीचं बोलतात ते लिहा.