पांढरा बॅकड्रॉप (मागचा पडदा) लावला तरी पोर्ट्रेटमध्ये तो राखाडी का येतो?

बॅकड्रॉप बदलू नका, त्याचा काही दोष नाही. त्याच्यापर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचत नाहीये, एवढंच.

अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. समजा, सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी लावलेला लाइट) चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि पडदा व्यक्तीच्या मागे २ मीटरवर. म्हणजे लाइटपासून पडदा ३ मीटर लांब, आणि त्याला चेहऱ्याच्या एक नवमांशच प्रकाश मिळतो. तीन स्टॉपहून जास्त फरक! (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणं.) मग पांढरा कागदसुद्धा गडद राखाडी दिसणारच.

खरा उपाय म्हणजे पडद्यासाठी वेगळा लाइट, शक्यतो दोन्ही बाजूंनी एकेक. चेहऱ्यापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त ठेवा. त्याहून फार वाढवलात तर मागचा उजेड केसांच्या कडा खाऊन टाकतो आणि फोटो धुरकट होतो. बरेच जण नेमकं इथेच अति करतात.

एकच लाइट असेल तर तो व्यक्तीपासून लांब न्या. ३ मीटरवर लाइट आणि व्यक्तीच्या मागे १ मीटरवर पडदा ठेवला तर फरक एका स्टॉपच्या आत येतो. मात्र लांबचा लाइट कडक सावल्या पाडतो आणि त्या पडद्यावरही उमटतात. लाइट थोडा उंच आणि बाजूला घेतला की त्या फ्रेमबाहेर सरकतात.

प्रॉप्सचं म्हणाल तर साधं स्टूल पुरे. चकचकीत वस्तू टाळा, त्यात सॉफ्टबॉक्सचा चौकोन दिसतो.