‘ग्रह’ नेमका कुणाला धरतो?

प्रश्न ठाण्यातल्याच, पाचपाखाडीतल्या एका बाईंचा आहे. मुलीला शाळेत सूर्यमालेचा प्रकल्प दिलाय. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांना एक मजकूर आला: ‘ग्रह’ हा शब्द ‘ग्रह्’, म्हणजे धरणे, या धातूपासून आलाय, ग्रह आपल्या ओढीने धूळ-दगड धरून मोठे होतात हे पूर्वजांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. हे प्रकल्पात लिहावं का? आणि दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरणारा दूरचा ग्रह त्या ताऱ्यासमोरून जातो त्याला ‘ग्रहण’ म्हणायचं का, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

धातूचं लिहा. पूर्वजांचं लिहू नका.

‘ग्रह्’ म्हणजे धरणे, पकडणे, घेणे, यात वाद नाही. पाणिग्रहण, आग्रह, निग्रह, ग्राहक आणि त्याचं झालेलं आपलं गिऱ्हाईक, सगळी याच धातूची पिलावळ. आपल्या गावात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्या नावातला ‘संग्रह’सुद्धा यातलाच. (‘ग्रंथ’ मात्र नाही बरं का. तो गुंफणे या अर्थाच्या वेगळ्या धातूचा.) आणि ‘माझा असा ग्रह झाला’ म्हणतो तेव्हा मनानेच काहीतरी धरलेलं असतं.

पण आकाशातला ग्रह धरतो तो धुळीला नव्हे, माणसाला. आयुर्वेदात ‘बालग्रह’ येतात, ते लहान मुलांना धरणारे, पछाडणारे. ‘त्याला धरलंय’ हे आपण आजही कुजबुजत म्हणतो, त्याच जातीचं हे धरणं. नवग्रहांची यादी डोळ्यांसमोर आणा. तीत रवी आहे, चंद्र आहे, आणि राहू-केतू आहेत, ज्यांना शरीरच नाही. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते हे दोन बिंदू. पृथ्वी मात्र यादीत नाही. धूळ गोळा करणं ही कसोटी असती तर राहू पहिल्या फेरीत बाद झाला असता आणि पृथ्वी दिमाखात बसली असती. ग्रीकांनी याच ठिपक्यांना ‘भटके’ म्हटलं. त्यांना चाल दिसली, आपल्याला पकड.

गंमत म्हणजे त्या मजकुरातलं विज्ञानही निम्मंच खरं आहे. नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत असते, तिच्यातून ग्रह होतात, हे बरोबर. पण ते कण धुरातल्या कणांइतके बारीक. त्यांना कसली आलीय ओढ? घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना धूळ समजावून सांगायला नको: पलंगाखाली आठवडाभर केरसुणी फिरली नाही की धुळीचे आणि केसांचे पुंजके होतात. ते गुरुत्वाकर्षणाने होत नाहीत, कण कणाला भिडतो आणि चिकटतो. चकतीतही सुरुवात अशीच होते. पुढे खडे झाले की पंचाईत. खडे एकमेकांवर आदळून फुटतात, नाहीतर भोवतालचा वायू त्यांचा वेग खातो आणि ते ताऱ्याकडे घसरू लागतात. यातून वाट कशी निघते, याचं एक उत्तर असं की खड्यांचे दाट घोळके जमतात आणि अख्खा घोळका एकदम आत कोसळतो. किलोमीटरभराचे गोळे तयार झाले की मग खरी धरपकड, तीही थोरल्यांचीच चलती. गुरूसारख्यांना तर घाईच करावी लागते, कारण चकतीतला वायू काही दशलक्ष वर्षांतच विरून जातो.

या क्रियेला ‘संग्रह’ म्हणू नये असं मला वाटतं, संग्रहाला संग्राहक लागतो. रक्त साकळतं ना, तशी धूळ साकळते. ‘साकळणे’ हा आपला जुना, चांगला शब्द इथे चपखल बसतो. चिलीतल्या ‘आल्मा’ दुर्बिणीने 2014 साली ‘एचएल टॉरी’ या तरुण ताऱ्याभोवतीच्या चकतीचं चित्र दिलं. एकात एक कडी आणि मधे रिकाम्या फटी. त्या फटींत ग्रह साकळत असावेत असा अंदाज आहे. मुलीच्या प्रकल्पात लावायचं तर ते चित्र लावा.

आता ग्रहण. ग्रहणात कुणीतरी कुणाला धरलेलं असतं, म्हणून तर ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’. दूरचा ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा असं काही होत नाही. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यावरून गेला तर उजेड जेमतेम एक टक्का घटतो. पृथ्वीएवढा गेला तर एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ही नुसती ये-जा झाली. तिच्यासाठी ‘अधिक्रमण’ हा शब्द आहेच. 2004 आणि 2012 साली शुक्राचं अधिक्रमण झालं तेव्हा तो घरोघरी पोचला होता. फक्त त्याचं ‘अतिक्रमण’ होऊ देऊ नका, ते महापालिकेचं खातं. केपलर दुर्बिणीने 2009 ते 2018 या काळात अधिक्रमणं टिपून अडीच हजारांहून अधिक ग्रह शोधून दिले. आज अशा परक्या ग्रहांचा आकडा सहा हजारांच्या पुढे आहे.

अधिक्रमण होत नसेल तर? ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो, ते डुलणं ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात पकडता येतं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह मेयर आणि केलोझ या खगोलशास्त्रज्ञांनी 1995 साली असाच शोधला. देशोदेशींना एकेका ग्रहाचं नाव ठेवायला दिलं होतं, त्यात भारताच्या वाट्याला आलेला ग्रहही याच पद्धतीने सापडलेला. 2019 साली त्याचं नाव ‘संतमस’ ठेवलं गेलं. अमरकोशात हा शब्द आहे, अर्थ सगळीकडे पसरलेला अंधार. त्याचं वर्ष जेमतेम दोन दिवसांचं. ताऱ्याचं नाव ‘बिभा’, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून. मुलीच्या वहीत कुणी शुद्धलेखन म्हणून त्याचं ‘विभा’ केलं, तर खोडून पुन्हा ‘बिभा’ करा. बंगाली माणसाचं नाव आहे ते.