हुर्यो उडवणाऱ्यांना निवृत्तीची तारीख विचारू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. त्यात दोन तक्रारी आहेत आणि तू त्या वेगवेगळ्या मानून लिहिल्या असल्या, तरी मला त्या एकाच मुळाच्या वाटतात. पहिली अशी की, गेल्या एमएमएच्या (मिश्र युद्धकलेच्या) लढतीत प्रतिस्पर्ध्याला तिन्ही फेऱ्या खाली दाबून ठेवून तू गुणांवर जिंकलास आणि तरीही लोकांनी तुझी हुर्यो उडवली. दुसरी अशी की, यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या कंपनीचा हेवीवेट (सर्वांत जड वजनगटाचा) विजेता जॉन जोन्स याने आव्हानवीर टॉम ॲस्पिनॉलला टाळून ४२ वर्षांच्या माजी विजेत्या स्टिपे मिओचिचशी लढत घेतली हा खेळाशी द्रोह होता, आणि उतारवयातल्या विजेत्यांना एकमेकांसमोर उभे करण्यावर बंदीच असायला हवी. पहिल्या तक्रारीत तू प्रेक्षकांवर चिडला आहेस आणि दुसरीत तू स्वतःच प्रेक्षक होऊन बसला आहेस. त्यामुळे हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी प्रेक्षकांचे पाहू. ब्राझीलचा अँडरसन सिल्वा ऑक्टोबर २००६ पासून जुलै २०१३ पर्यंत यूएफसीचा मिडलवेट विजेता होता. एप्रिल २०१० मध्ये अबू धाबीत डेमियन मायासमोर तो पहिल्या दोन फेऱ्या दिमाखात खेळला आणि उरलेला वेळ त्याने वाकुल्या दाखवण्यात आणि अंतर राखण्यात घालवला. जिंकला तोच, पण सारे मैदान त्याच्यावर ओरडत होते आणि यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट लढत संपण्याआधीच जागेवरून उठून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओकलंडला चेल सोनेनने त्याला साडेचार फेऱ्या जमिनीवर पाडून बदडले, आणि पाचव्या फेरीत पाठीवर पडल्यापडल्या पायांच्या त्रिकोणात सोनेनची मान आवळून सिल्वाने लढत काढली, तेव्हा हाच माणूस पुन्हा देव झाला. २०१३ मध्ये हात खाली सोडून ख्रिस वाइडमनला खिजवताना तो आडवा झाला, तेव्हा ज्या चाळ्यांना इतकी वर्षे कला म्हटले जात होते, त्यांना लोक माज म्हणू लागले.

जुलै २०१६ ची लास व्हेगासची लढत मात्र तू नीट पाहावीस, कारण ती तुझीच गोष्ट आहे. उत्तेजक चाचणीमुळे जोन्स आयत्या वेळी बाहेर गेला आणि सिल्वा दोन दिवसांच्या सूचनेवर डॅनियल कॉर्मिएसमोर उभा राहिला. वय ४१, मे महिन्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली, आणि समोरचा एक वजनगट वरचा विजेता. कॉर्मिएने डोके वापरले. त्याने सिल्वाला पाडले, वर बसून दाबून ठेवले आणि तीन फेऱ्या सहज खिशात घातल्या. हुर्यो उडाली ती जिंकणाऱ्या कॉर्मिएची, आणि टाळ्या पडल्या त्या हरणाऱ्या सिल्वाला.

याला सगळे लहरीपणा म्हणतात, पण मला त्यात एक सुसंगती दिसते. तिकीट काढून आलेल्याला निकाल हवा असतो, आणि ज्याच्याकडून निकालाची आशा उरलेली नाही अशा खेळाडूकडून त्याला जुनी आठवण हवी असते. तू त्या संध्याकाळी निकालही दिला नाहीस आणि आठवण द्यायला तुझे वय झालेले नाही. मग ते ओरडणारच. तू तालमीतून आलेला आहेस, तुला हे नव्याने सांगायला नको. फडावर दोन मल्ल खडाखडी करत राहिले की निकाली कुस्तीसाठी गलका सुरू होतोच, आणि तो करणाऱ्यांत स्वतः कधी लंगोट न लावलेलेच अधिक असतात.

फडाची एक रीत मात्र या नव्या खेळाने उचललेली नाही. गावच्या मैदानात जुना मल्ल आला तर त्याला फेटा बांधतात, नारळ देतात, हलगीच्या कडकडाटात आखाड्यातून फिरवतात, पण त्याची जोड कोणी लावत नाही. फेडोर एमेलियानेंको जवळजवळ दहा वर्षे अपराजित राहिलेला रशियन हेवीवेट. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंगलवूडच्या फोरम सभागृहात त्याचा निरोपसमारंभ झाला तेव्हा रँडी कुटूर, रॉइस ग्रेसी, मार्क कोलमन, चक लिडेल असे जुने मातब्बर पिंजऱ्यात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. दृश्य खरोखर हृद्य होते. पण त्याआधी काही मिनिटे रायन बेडरने ४६ वर्षांच्या फेडोरला पहिल्याच फेरीत ठोशांनी झोपवले होते. सत्कार ठरलेलाच होता, तर तो मार खाल्ल्यानंतर कशासाठी करायचा, हे मला आजतागायत कळलेले नाही.

त्या रांगेत उभ्या असलेल्या लिडेलबद्दल मला अधिक लिहायचे आहे, कारण याच सभागृहात सव्वाचार वर्षांपूर्वी त्याच्या बाबतीत जे झाले ते या साऱ्या प्रकाराचे सर्वांत वाईट रूप आहे. लिडेलचा खेळ मागे सरकत मारण्याचा होता. हात छातीच्या खाली, हनुवटी उघडी. समोरच्याला आत येऊ द्यायचे, धड किंचित मागे झुकवून त्याचा ठोसा हुकवायचा आणि तो परत सावरण्याआधी उजवा हात वरून फेकायचा. या शैलीत संरक्षण असे काही वेगळे नसतेच, डोळा आणि पाय हेच संरक्षण. टिटो ऑर्टिझला त्याने २००४ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २००६ मध्ये असेच संपवले. मग २००७ च्या मे महिन्यात क्विंटन जॅक्सनने त्याचा विजेतेपदाचा बेल्ट दोन मिनिटांच्या आत हिरावला, २००८ मध्ये रशाद एव्हान्सने आणि २००९ मध्ये मॉरिसियो शोगुनने त्याला पाडले.

जून २०१० ची व्हँकुव्हरची लढत आवाज बंद करून बघ. ऑर्टिझशी तिसरी लढत ठरली होती, पण ऑर्टिझ मानेच्या दुखण्यामुळे बाहेर पडला आणि रिच फ्रँकलिन आला. लिडेल कित्येक वर्षांत नव्हता इतका तयार दिसतो. वजन उतरलेले, लाथा चपळ, आणि त्यातल्या एका लाथेने फ्रँकलिनचा हात मोडलासुद्धा. फेरी संपायला पाच सेकंद असताना लिडेल चढून जातो, हनुवटी तशीच उघडी, आणि फ्रँकलिनचा आखूड उजवा ठोसा बसतो. त्या ठोशात फारसा जोर दिसत नाही. पाच वर्षांपूर्वी असले ठोसे खाऊन लिडेल हसत असे. मेहनतीने दम परत येतो, पोट आत जाते, लाथेला धार येते, पण एकदा उतरलेली ठोसा पचवण्याची ताकद कोणत्याही वस्तादाला परत आणता येत नाही. आवाज सुरू ठेवून पाहिलास तर हे तुझ्या ध्यानात येणार नाही, कारण तो पुढे चढतो तेव्हा लोक उभे राहून ओरडत असतात आणि आपल्यालाही वाटू लागते की जुना लिडेल परत आला.

त्यानंतर तो निवृत्त झाला आणि यूएफसीने त्याला कार्यालयात एक पद दिले, हे उत्तम झाले होते. २०१६ मध्ये कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली आणि नव्या मालकांच्या काळात ते पद गेले. २४ नोव्हेंबर २०१८ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, लिडेल इंगलवूडला ४३ वर्षांच्या ऑर्टिझसमोर उभा होता. ही लढत यूएफसीने भरवलेली नव्हती, एका बॉक्सिंग प्रवर्तकाने भरवली होती. लिडेलचे पाय हलत नव्हते. पवित्रा तोच होता, हात तितकेच खाली होते, फक्त त्या पवित्र्याला अर्थ देणारा डोळा आणि पाय निघून गेलेले होते. पहिली फेरी संपायच्या आत ऑर्टिझच्या उजव्या ठोशाने तो आडवा झाला. ज्यांनी महिनाभर जुन्या वैराच्या चित्रफिती एकमेकांना पाठवल्या होत्या, तेच लोक दुसऱ्या दिवशी विचारत होते की याला परवाना दिलाच कसा. हा प्रश्न योग्य होता, पण तो तिकीट काढण्यापूर्वी विचारायचा असतो.

असल्या जोड्या का लागतात हे समजायला फार अक्कल लागत नाही. एका जुन्या विजेत्याला तरण्याबांड खेळाडूपुढे टाकले तर एक नाव कायमचे खर्ची पडते. दोघा जुन्यांना समोरासमोर आणले तर दोन्ही नावे विकली जातात, आणि त्यांपैकी एक पुन्हा विकण्याजोगे राहते. केन शॅमरॉक आणि रॉइस ग्रेसी १९९३ मध्ये डेन्व्हरला, पहिल्याच यूएफसीत, लढले होते. त्यांची तिसरी लढत २०१६ मध्ये ह्यूस्टनला झाली तेव्हा एक ५२ वर्षांचा होता आणि दुसरा ४९. खेळाडूंच्या बाजूचे कारण पैसा. यूएफसीत पेन्शन नाही, खेळाडू कंत्राटी असतो. मोबदला दाबून ठेवल्याच्या आरोपावरून माजी खेळाडूंनी यूएफसीवर दावा लावला होता. त्यात ३७.५ कोटी डॉलरची तडजोड २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केली, यावरून दुखणे किती जुने आणि किती खोल आहे ते समज.

तरीही तुझी सरसकट बंदीची मागणी मला मान्य नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कॉर्मिए आणि मिओचिच तिसऱ्यांदा लढले. कॉर्मिए ४१ वर्षांचा, मिओचिच ३८ ला टेकलेला, आधीच्या दोन लढतींत एकेक विजय. साथीमुळे लास व्हेगासच्या एका छोट्या सभागृहात प्रेक्षक नव्हते. कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांच्या सूचना आणि चटईवर घासणारे पाय ऐकू येत होते. तिसऱ्या फेरीत मिओचिचचे बोट डोळ्यात जाऊन कॉर्मिएला एका डोळ्याने दिसेनासे झाले, तरी पाचही फेऱ्या झाल्या आणि मिओचिच गुणांवर जिंकला. दोघेही वयस्क होते, पण त्या दिवशी वजनगटातले सर्वांत चांगले हेवीवेट तेच दोघे होते, आणि लढतीत एकही क्षण असा नव्हता की जो कोणाला दाखवण्यासाठी घेतला गेला. म्हणून दोन जुन्यांची जोड लागली की मी एवढेच विचारतो की, सभागृह रिकामे असते तर ही लढत कोणी लावली असती का? कॉर्मिए आणि मिओचिचची लावली असती. लिडेल आणि ऑर्टिझची कोणीही लावली नसती.

आता जोन्स. या कसोटीवर नोव्हेंबर २०२४ ची मॅडिसन स्क्वेअर गार्डनची लढत उतरत नाही, इथवर मी तुझ्या बाजूने आहे. ॲस्पिनॉल वर्षभर अंतरिम (तात्पुरत्या विजेतेपदाचा) बेल्ट घेऊन थांबला होता आणि मधल्या काळात त्याने तो राखूनही दाखवला होता. पण तुझा राग जोन्सने कोणाला टाळले यावर अडला आहे, आणि माझा राग त्याच्यासमोर कोणाला आणले यावर आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सिस एंगानूने मिओचिचला बेशुद्ध पाडले होते, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ तो एकही लढत खेळला नव्हता. अशा माणसाला थेट विजेतेपदाच्या लढतीत आणले आणि तिसऱ्या फेरीत जोन्सची वळून मारलेली लाथ त्याच्या बरगड्यांवर बसली. लाथ डोक्यावर बसली नाही, एवढे नशीब. जून २०२५ मध्ये जोन्सने निवृत्ती जाहीर केली आणि बेल्ट ॲस्पिनॉलकडे आला. मग ऑक्टोबरमध्ये, पुन्हा अबू धाबीतच, सिरिल गानची बोटे दोन्ही डोळ्यांत जाऊन त्याला दिसेनासे झाले आणि लढत पहिल्याच फेरीत निकालाविना थांबली, तेव्हा काल ज्याच्यासाठी लोक जोन्सला पळपुटा म्हणत होते त्याचीच त्यांनी हुर्यो उडवली. तू त्यांच्यात नव्हतास अशी माझी समजूत आहे.

तुझ्याबाबत मला जे करायचे आहे ते तुझे नाव नसतानाच करायचे आहे. नाव झाल्यावर तुझ्याभोवती जे लोक असतील त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण तुझ्या पुढच्या लढतीवर पोट भरत असेल, आणि त्या वेळी थांब म्हणणारा माणूस शोधायला गेलास तर मिळणार नाही. म्हणून आत्ताच दोन माणसे ठरव. एक तुझी आई किंवा थोरली बहीण, जिला तुझ्या बोलण्याचा वेग आणि विसराळूपणा आमच्या आधी कळेल. दुसरा असा जुना सोबती, जो तुझ्याबरोबर सराव करतो पण तुझ्या मानधनातला रुपयाही घेत नाही. या दोघांपैकी एकाने जरी नको म्हटले तर करारावर सही करायची नाही, हे आज त्यांना तोंडी सांग आणि कागदावरही लिहून दे.

दुसरे, सरावातल्या ठोशांची वही ठेव. लढतीतले नॉकआउट सगळे जग मोजते, पण शनिवारच्या स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) गुडघे लटपटले, कानात शिट्टी वाजली, संध्याकाळी उजेड सहन झाला नाही, हे कोणी मोजत नाही. लास व्हेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०११ पासून लढवय्यांच्या मेंदूंचा जो अभ्यास चालवला आहे, त्यात जास्त लढती खेळलेल्यांच्या मेंदूचे काही भाग आकाराने कमी झालेले आणि विचारांचा वेग मंदावलेला आढळला आहे. असे झडप घालून एका रात्रीत होत नाही, म्हणूनच नोंद हवी. डोक्याला जोरदार मार बसला की तीन-चार आठवडे डोक्याला हात लागू द्यायचा नाही, आणि माझ्या तोंडून कधी याउलट निघाले तर मला हे पत्र दाखव.

तिसरे तुझ्या हुर्योबद्दल. दाबून ठेवण्याचा तुझा खेळ सोडू नकोस. मात्र दुसऱ्या फेरीत तू त्याच्या पाठीवर असताना गळ्याखाली हात घालायची संधी आयती आली होती आणि तू ती घेतली नाहीस, असे तुझ्या वर्णनावरून दिसते. ती लोकांसाठी घ्यायची नव्हती. लढत तिथे संपली असती, तर तिसऱ्या फेरीत कपाळावर खाल्लेले दोन कोपर वाचले असते.

पुढच्या लढतीची तारीख निघण्यापूर्वी मेंदूचा एमआरआय आणि डोळ्यांची तपासणी करून घे, म्हणजे पुढे तुलना करायला आजची स्थिती हाताशी राहील. खर्चाची अडचण असेल तर संकोच न करता कळव. अहवाल आले की त्यांची एक प्रत मला पाठव आणि एक आईकडे ठेव.

तुझा,
वस्ताद