झोपलेला बोर्ड उठत नसेल तर आधी झोपण्याचा रस्ता तपासा

तुमचा प्रश्न मला असा समजला: आय.एमएक्स६ यूएलएल चिपचा तुमचा स्वतःचा बोर्ड आहे, त्यावर लिनक्स आहे आणि तो बॅटरीवर चालतो. घड्याळाच्या दर पाव तासाला उठून सेन्सर वाचायचे, मॉडेममधून आकडे पाठवायचे आणि परत झोपायचं. 'सिस/पॉवर' खालच्या 'स्टेट' फाइलमध्ये 'मेम' लिहिलं की बोर्ड झोपतो (यालाच सस्पेंड म्हणतात), बहुतेक वेळा नीट उठतोही. पण मधूनच असा निपचित पडतो की कन्सोलवर एक अक्षर येत नाही आणि पॉवर काढून घालावी लागते. झोपेतला करंटही फार आहे. सेन्सरचा ड्रायव्हर तुम्ही घरी लिहिलाय. आणि तुम्ही सध्या सगळ्या ड्रायव्हर्सचे रिझ्यूम कॉलबॅक, म्हणजे उठताना चालणारी फंक्शन्स, वाचत बसला आहात.

ते वाचन थांबवा. उठताना दिसणारा बिघाड बहुतेकदा झोपताना पेरलेला असतो.

सगळ्यात आधी एक साधी चाचणी करा. बोर्ड पुन्हा निपचित पडला की पॉवर काढू नका, ऑन-ऑफचं बटण थोडक्यात दाबा. (डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, सांगणाऱ्या वर्णनात, एसएनव्हीएस या चिपमधल्या कायम पॉवरवर असलेल्या भागाच्या पॉवर-की नोडला 'वेकअप-सोर्स' लिहिलेलं आहे ना, ते आधी बघून ठेवा.) बोर्ड उठला तर तो अडकलेला नव्हताच. तो छान झोपला होता आणि त्याला उठवणारं कोणी उरलं नव्हतं. बॅटरीच्या वायरीत मीटर असेल तर तोही हेच सांगेल: करंट झोपेइतका असेल तर झोप, जागेपणाइतका असेल तर हँग. हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत आणि बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात.

तुमचं वर्णन वाचून मला पहिल्याचा दाट संशय आहे. तुम्ही अलार्म 'आतापासून पंधरा मिनिटांनी' असा लावत नाही, घड्याळाच्या पुढच्या पाव तासावर लावता. एखाद्या दिवशी मॉडेमने रेंज शोधण्यात वेळ घालवला आणि काम संपलं तेव्हा पुढचा पाव तास एका सेकंदावर होता, असं समजा. अलार्म लागला, 'मेम' लिहिलं गेलं. कर्नलने फाइल सिस्टिम सिंक करायला घेतली, फ्लॅशवर लिहायचं बरंच साचलेलं होतं, आणि तेवढ्यात अलार्म वाजला. त्याचा इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला मारलेली हाक, नेहमीसारखा हाताळला गेला, कारण सिस्टिम अजून जागीच होती. सस्पेंड मात्र पुढे चालूच राहिला. बोर्ड झोपला, आणि अलार्म तर आधीच खर्च झालेला. आता बॅटरी संपेपर्यंत झोप.

कर्नलमध्ये यावरचा उपाय फार पूर्वीपासून आहे. अँड्रॉइडच्या वेकलॉकवरून (फोन झोपू नये म्हणून लावायचं कुलूप) मुख्य कर्नलच्या लोकांमध्ये मोठा वाद झाला, त्याच सुमारास २०१० मध्ये २.६.३६ या आवृत्तीत 'सिस/पॉवर' खाली 'वेकअप_काउंट' नावाची फाइल आली. वापर असा: आधी त्यातला आकडा वाचायचा, मग काही काम शिल्लक आहे का ते बघून अलार्म लावायचा, मग तोच आकडा परत त्या फाइलमध्ये लिहायचा आणि त्यानंतरच 'मेम'. मधल्या वेळात उठवणारी एखादी घटना घडली असेल तर आकडा लिहिणंच फसतं. लिहिल्यानंतर घडली तर सस्पेंड अर्ध्यातून मागे फिरतो आणि 'स्टेट' फाइलमध्ये लिहिताना ईबिझी, म्हणजे १६ नंबरची चूक मिळते. हे न करता थेट 'मेम' लिहिलं तर कर्नल वेकअपच्या घटना मोजतो खरा, पण सस्पेंड रद्द करायचा की नाही हे ठरवताना तो हिशेब बघतच नाही. तुमच्या अॅप्लिकेशनमध्ये ही पायरी नसेल तर आजच घाला. आणि पुढचा पाव तास अगदी तोंडावर आला असेल तर झोपूच नका, जागं राहून तो उरका.

बटणानेही बोर्ड उठला नाही तर तो खरा हँग. मग टप्पा शोधायला लागेल.

क्रम थोडक्यात सांगतो. सिंक झालं की युजर स्पेसच्या प्रोसेस गोठतात, मग गोठवता येण्याजोगे कर्नल थ्रेड. याला २० सेकंदांची मुदत असते, तेवढ्यात कोणी गोठलं नाही तर सस्पेंड रद्द होतो आणि लॉगमध्ये त्याचं नाव येतं. नंतर डिव्हाइसेसची पाळी, तीही चार फेऱ्यांत: प्रिपेअर, सस्पेंड, सस्पेंड-लेट आणि सस्पेंड-नोआयआरक्यू (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट). एक फेरी सगळ्या डिव्हाइसेसची पुरी झाल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. शेवटी सीपीयूचे इंटरप्ट बंद होतात आणि चिपचा स्वतःचा कोड सूत्रं हाती घेतो. उठताना याच्या बरोबर उलट.

तो शेवटचा तुकडा या चिपवर मुद्दाम वाचावा असा आहे. डीडीआर मेमरीतून चालणारा कोड त्याच डीडीआरला सेल्फ-रिफ्रेशमध्ये (मेमरी स्वतःच आपला मजकूर जपते त्या अवस्थेत) घालू शकत नाही, म्हणून असेंब्लीतला छोटासा कोड चिपच्या आतल्या रॅममध्ये कॉपी केलेला असतो आणि तिथून चालतो. झोपण्याआधी तो परतीचा पत्ता एका रजिस्टरमध्ये ठेवतो. उठताना कोअरला पॉवर मिळते, बूट रॉम चालू होतो, तो पत्ता बघतो आणि थेट कर्नलमध्ये उडी मारतो. यू-बूट, म्हणजे एरवी कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर, मध्ये येतच नाही. त्यामुळे 'उठताना' कन्सोलवर यू-बूटचा बॅनर दिसला तर तो रिझ्यूम नव्हे, रीसेट आहे. यू-बूट तिथे रीसेटचं कारण छापतो. वॉचडॉग (अडकलेली सिस्टिम रीसेट करणारा टायमर) लिहिलं असेल तर वॉचडॉगकडे वळा, पॉवर-ऑन लिहिलं असेल तर झोपेत कुठली रेल (पॉवरची लाइन) पडतेय ते स्कोपवर पकडा. डीडीआरची रेल झोपेत एक क्षणही पडता कामा नये. पॉवर चिप वापरली असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये त्या रेग्युलेटरच्या 'रेग्युलेटर-स्टेट-मेम' खाली काय लिहिलंय ते तपासा.

टप्पा शोधायचं हत्यार म्हणजे 'पीएम_टेस्ट'. कर्नलमध्ये पीएम-डीबग चालू करून बनवा, म्हणजे ही फाइल दिसेल. त्यात 'फ्रीझर', 'डिव्हाइसेस', 'प्लॅटफॉर्म', 'प्रोसेसर्स', 'कोअर' यांपैकी एक लिहा आणि मग नेहमीसारखं 'मेम' लिहा. सस्पेंड तेवढ्या टप्प्यापर्यंत जातो, ५ सेकंद थांबतो आणि परत येतो. प्रत्येक टप्पा रात्रभर लूपमध्ये चालवा. त्याआधी 'पीएम_असिंक' मध्ये शून्य लिहा, नाहीतर डिव्हाइसेस समांतर झोपतात आणि दर वेळी क्रम बदलतो. 'पीएम_प्रिंट_टाइम्स' चालू ठेवा, म्हणजे शेवटचा कॉलबॅक कोणाचा होता ते कळेल. कर्नलच्या कमांड लाइनवर 'नो_कन्सोल_सस्पेंड' द्या, पण करंट मोजताना ते काढा.

या चाचणीची एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. 'कोअर' पर्यंत सगळं सुरळीत झालं म्हणजे ड्रायव्हर निर्दोष ठरत नाहीत, कारण चाचणीत चिपची पॉवर खरंच जात नाही. एखादा ड्रायव्हर आपली रजिस्टर्स साठवतच नसेल तर तो इथे पास होईल आणि खऱ्या झोपेनंतर नापास. म्हणून चाचणी पास आणि खरी झोप नापास असं झालं तर दोनच जागा उरतात: डीडीआर व रेल्स, किंवा पॉवर जाते हे गृहीतच न धरलेला ड्रायव्हर.

आणि 'डिव्हाइसेस' वरच अधूनमधून अडकत असेल, तर मी सेन्सरच्या ड्रायव्हरवर बोट ठेवेन. तो तुम्ही घरी लिहिलाय असं म्हणालात. सेन्सर आयस्क्वेअरसी या दोन तारांच्या बसवर, त्याची इंटरप्टची तार जीपीआयओ या साध्या पिनवर, थ्रेडेड हँडलर (म्हणजे इंटरप्टचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये), आणि सस्पेंड कॉलबॅक रिकामा. इथे नेमकं काय होतं ते बघा. इंटरप्ट थ्रेड गोठत नाहीत. डिव्हाइसेसचे इंटरप्ट कर्नल बंद करतो ते नोआयआरक्यू फेरीच्या अगदी आधी. म्हणजे सस्पेंड आणि सस्पेंड-लेट या फेऱ्यांमध्ये तुमचा हँडलर केव्हाही जागा होऊ शकतो. आयस्क्वेअरसी कंट्रोलर तोवर झोपलेला असेल तर हँडलर सेन्सर वाचायला जातो तो थेट भिंतीवर. कंट्रोलरचा ड्रायव्हर चांगला असेल तर त्याला निदान चूक परत मिळते, कारण लेट फेरीत रनटाइम पीएम (गरजेप्रमाणे डिव्हाइस जागं करणारी कर्नलची सोय) बंद झालेलं असतं. पण तेवढ्याने भागत नाही. लेव्हल-ट्रिगर्ड (तार ठरलेल्या पातळीवर असेपर्यंत वाजत राहणारा) इंटरप्ट असेल तर सेन्सर वाचल्याशिवाय तार सुटत नाही, तार सुटत नाही म्हणून हँडलर पुन्हा, पुन्हा चूक, पुन्हा हँडलर. तुमच्या चिपला कोअर एकच. सस्पेंड तिथेच रुतून बसतो. कंट्रोलरचा ड्रायव्हर कच्चा असेल तर आणखी वाईट: क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं की या चिपवर बसच थांबते. ऊप्स (कर्नलचा चूक-अहवाल) नाही, लॉग नाही, काहीच नाही.

दुरुस्ती लहान आहे. सेन्सरच्या सस्पेंड कॉलबॅकमध्ये 'डिसेबल_आयआरक्यू' करा. चालू असलेला हँडलर संपेपर्यंत ते थांबतं, म्हणून ते पुरेसं आहे. रिझ्यूममध्ये परत चालू करा. सेन्सर हा कंट्रोलरचा मुलगा असल्यामुळे तो आधी झोपेल याची हमी कर्नल देतो. सेन्सरनेच बोर्डाला उठवायचं असेल तर 'एनेबल_आयआरक्यू_वेक' वापरा. 'आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड' हा फ्लॅग कृपया लावू नका. इंटरनेटवर तो उपाय म्हणून सर्रास सांगतात, पण त्याने गाढ झोपेतून उठण्याची हमी मिळत नाही आणि हँडलर मात्र मेलेल्या बसवर चालत राहतो.

ही हमी फक्त आई-बाप आणि मुलं एवढ्यापुरती आहे. सेन्सरची पॉवर एखाद्या वेगळ्या जीपीआयओ एक्स्पांडरमधून येत असेल तर ते नातं झाडात दिसत नाही. त्यासाठी कर्नल ४.१० पासून डिव्हाइस लिंक (कोण कोणावर अवलंबून ते सांगणारे दुवे) आहेत. नवे कर्नल डिव्हाइस ट्रीवरून त्या बऱ्याच अंशी आपोआप बनवतात. तुम्ही चिप उत्पादकाचा जुना कर्नल वापरत असाल तर हाताने बनवाव्या लागतील.

आता करंट. मोजण्यापूर्वी डीबगची सीरियल केबल उपटून ठेवा. तिची टीएक्स तार कायम हाय असते आणि पिनच्या संरक्षक डायोडमधून बोर्डाला उलटी पॉवर देते, त्यामुळे मीटरवरचा आकडा दोन्ही बाजूंनी खोटा असू शकतो. मग स्कीमॅटिक घेऊन एकेक पुल-अप (तार हाय ठेवणारा रेझिस्टर) बघा. ३.३ व्होल्टला ४.७ किलोओमचा पुल-अप आहे आणि झोपेत कोणी ती पिन लो धरून बसलंय, तर एका तारेत ०.७ मिलिअँपिअर गेला. अशा चार तारा म्हणजे पावणेतीन. उलटही होतं: मॉडेमची पॉवर कापली पण त्याच्याकडे जाणारी यूएआरटीची (सीरियल पोर्टची) पिन हाय राहिली, तर मॉडेम त्या पिनमधून अर्धवट जागा राहतो. प्रत्येक डिव्हाइसला पिनकंट्रोलची (पिनांची मांडणी ठरवणाऱ्या सोयीची) 'स्लीप' अवस्था लिहा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २० मिलिअँपिअरला जेमतेम १० दिवस पुरते आणि ३ ला सुमारे ६९ दिवस, तेही जागेपणाचा खर्च सोडून.

बटणाची चाचणी झाली की तिचा निकाल, कर्नलची आवृत्ती, 'सस्पेंड_स्टॅट्स' मधला मजकूर आणि सेन्सर ड्रायव्हरचा प्रोब (डिव्हाइस सुरू करणाऱ्या) फंक्शनपासूनचा भाग इथे टाका. बोर्डावर बाहेरची दुसरी आरटीसी (घड्याळाची) चिप असेल तर तेही लिहा. तिला आरटीसी-शून्य हा नंबर मिळाला असेल आणि तिची इंटरप्ट तार मुख्य चिपपर्यंत जोडलेलीच नसेल, तर अलार्म भलत्याच घड्याळात लागतोय.