मुंबईत सुटा हर्बल चहा कुठे घ्यावा, कसा करावा आणि पावसाळ्यात कसा टिकवावा?

आपला प्रश्न असा आहे की, मुंबईत सुटा हर्बल चहा कुठे चांगला मिळतो, तो घरी केल्यावर बेचव का लागतो आणि पावसाळ्यात त्याला कुबट वास का येतो. या सगळ्यांचे मूळ माझ्या मते एकच आहे. तयार मिश्रणात मुळे, साली, पाने आणि फुले एकत्र असतात, आणि त्यांतील प्रत्येकाची उकळण्याची व टिकण्याची रीत निराळी असते. म्हणून मी तयार मिश्रण न घेता घटक वेगवेगळे घेते आणि ते पातेल्यातच एकत्र करते.

सुंठ, दालचिनी, वेलची, बडीशेप लालबागच्या मसाला गल्लीत मिळतात. ज्येष्ठमध आणि सुकी पाने काष्ठौषधींच्या दुकानात मागावीत. पूड घेऊ नये, कारण तिचा वास लवकर उडतो आणि भेसळही ओळखता येत नाही. दालचिनीची गुंडाळी पातळ, अनेक पदरांची असेल तर ती सिलोनची. जाड, टणक आणि एकपदरी असेल तर ती कॅसिया, जिच्यात कूमारिन (जास्त झाल्यास यकृताला अपाय करू शकणारा नैसर्गिक घटक) बरेच जास्त असल्यामुळे रोजच्या पिण्यासाठी मी ती टाळते. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तो विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नियमित घेऊ नये. सुकी पाने तळहातावर चोळून पाहावीत आणि वास आला नाही तर सरळ परत द्यावीत. गवती चहाची ताजी जुडी भाजीवाल्याकडे मिळत असताना तो सुका घेण्याचे मला कारणच दिसत नाही.

दोन कपांसाठी सुमारे ४०० मिलिलिटर पाण्यात ठेचलेली सुंठ आणि दालचिनी घालून ते मंद आचेवर १० मिनिटे उकळावे, मग आच बंद करून तुळस, पुदिना किंवा कॅमोमाइल मिळून दोन लहान चमचे घालावेत आणि ५ ते ७ मिनिटे घट्ट झाकून ठेवावे. हे झाकण फार महत्त्वाचे आहे. पुदिन्यातले आणि गवती चहातले सुगंधी घटक वाफेबरोबर निघून जातात. घरभर जो दरवळ सुटतो, तेवढा सुगंध कपातून गेलेला असतो. लाल अंबाडीची बोंडे आंबट असल्यामुळे ती ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात उकळू नयेत. गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग लिंबू पिळताच जांभळा होतो, परंतु त्यांना चव जवळजवळ नसते.

जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेची आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते आणि सुकी पाने-फुले तो ओलावा लगेच ओढून घेतात. पावसाळ्यात ती तीन-चार आठवडे पुरतील एवढीच घ्यावीत. अखंड मुळे आणि साली मात्र वर्षभर सहज टिकतात. घट्ट झाकणाची काचेची बरणी बंद कपाटात ठेवावी, गॅसवरच्या फळीवर नव्हे, आणि फ्रिजमध्येही नको, कारण थंड बरणी उघडताच दमट हवेतले पाणी पानांवर जमते. नुसती मऊ पडलेली पाने कोमट तव्यावर परतून लवकर संपवता येतात. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर बरणीतले सगळेच टाकून द्यावे. काही बुरशींची विषे पाणी उकळूनही नष्ट होत नाहीत.